जनावर खोटं बोलत नाही

"काय खाऊ घातलं याला?"

दुरुस्तीला कॉम्प्युटर घेऊन आलेल्या माणसाला आमचे घरमालक हा पहिला प्रश्न विचारायचे. नवखा माणूस गोंधळून जायचा. मग काका समजावून सांगायचे, "आवो म्हंजे नवीन काय टाकलं ह्याच्यात? गेम, पिक्चर, फुकटचं कायबी?" माणूस छातीवर हात ठेवून म्हणायचा, काहीच नाही हो, आपोआप बंद पडला. काका केसपेपरवर तेही लिहून घ्यायचे आणि चष्म्यावरून बघत म्हणायचे, "जनावर खोटं बोलत नसतंय. मालक बोलतंय."

मी त्यांना काका म्हणायचे, बाकी सगळी कॉलनी डॉक्टर म्हणायची, आणि त्यावर ते दर वेळी उखडायचे. "डॉक्टर नाय, ड्रेसर! डॉक्टर सही करायचा. जनावर मी धरायचो." त्यांची सगळी नोकरी सरकारी गुरांच्या दवाखान्यात झालेली, त्यातली बरीचशी वर्षं सोयगावला. निवृत्तीच्या आधी तिथं एक कॉम्प्युटर आला आणि खोक्यातच पडून राहिला, कारण डॉक्टर त्याला हात लावायला भ्यायचे. काकांनी खोकं फोडलं. मारक्या बैलाला वेसण घातलेल्या माणसाला चार वायरी जोडायला कसलं भ्या, असं त्यांचं म्हणणं. तिथून जो नाद लागला तो लागलाच.

पैठण रोडला नक्षत्रवाडीत त्यांचं छोटं घर. वरच्या खोलीत मी चार वर्षं भाड्यानं राहिले. रोज चितेगावच्या एका कंपनीत जायचे, कंत्राटी डेटा एंट्रीला. माझ्याकडे कॉम्प्युटरचा डिप्लोमा होता आणि कॉम्प्युटर नव्हता. काकांना एवढं चिडवायला पुरेसं होतं. जिन्यावरून उतरताना दिसले की म्हणायचे, "या, बिनघोड्याच्या घोडेस्वार!"

खाली ओसरीत त्यांचा दवाखाना भरायचा. सकाळी नऊ ते अकरा, रविवार बंद, फुकट. लोकांचे जुनेपुराणे कॉम्प्युटर भिंतीला टेकून रांगेत उभे. प्रत्येकाला मागच्या बाजूला सुतळीनं बांधलेला केसपेपर. त्यावर मालकाचं नाव, तक्रार मालकाच्या शब्दांत, काय खाल्लं, तपासणी, उपाय, शेरा. तक्रार मालकाच्याच शब्दांत हवी याबद्दल ते भलते कडक होते. एका बाईनं सांगितलेलं "ह्याचं मन लागत नाही" हेसुद्धा त्यांनी तस्संच लिहिलं होतं. तपासताना आधी पाच मिनिटं नुसतं बघत बसायचे. मग पंख्याच्या जाळीवर तळहात ठेवून श्वास बघायचे. आणि मग, देवाशपथ सांगते, स्टेथोस्कोप काढून हार्ड डिस्कवर लावायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जिन्यातच बसून हसले. पण त्या दिवशी त्यांनी "ही आठवड्याभरात जाईल, सगळं दुसरीकडं काढून घ्या" असं सांगितलेली डिस्क पाचव्या दिवशी गेली. त्यानंतर मी निदान तोंडावर तरी हसले नाही.

जास्त करून पेशंट यायचे ते ब्राउझरचे. इंटरनेट उघडत नाही, उघडलं तर भलतंच उघडतं, अशा तक्रारी. एक क्लासवाले सर आले होते. ब्राउझर उघडला की आपोआप रमीचं पान यायचं. सर म्हणाले, पोरांनी काहीतरी केलं असेल. काकांनी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा पाजला, आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "सर, बाहेरचं खाणं किती दिवसांपासून चालूय?" सरांचे कान लाल झाले. दुसरा चहा येईपर्यंत त्यांनी सगळं कबूल केलं. मग काकांनी ती रमी उपटली आणि ब्राउझर दहा मिनिटांत सरळ झाला.

ब्राउझर उगाच काढून पुन्हा घालायला मात्र काकांचा सक्त विरोध. मी डिप्लोमावाली, माझा हात लगेच तिकडंच जायचा. काही बिघडलं की आधी काढा, मग नवं घाला. ते माझ्या हातातून माउस काढून घ्यायचे. "दुखणं रेड्याला अन् औषध पखालीला! आधी दुखतंय कुठं ते तर बघ." बघायची त्यांची एक ठरलेली रीत होती, आणि त्यात सगळ्यात पहिलं काय, तर तारीख. "ह्याला आज वार कोणता हाय ते इच्यार." जुन्या कॉम्प्युटरच्या आतला छोटा सेल संपला की त्याची तारीख मागं जाते, आणि तारीख मागं गेली की ब्राउझर कुठल्याच साइटवर विश्वास ठेवत नाही, सगळं असुरक्षित म्हणून दार लावून बसतो. मला हे डिप्लोमात कुणी शिकवलं नव्हतं. ओसरीत शिकले.

एवढा सगळा पसारा असलेल्या माणसाचा स्वतःचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता आणि त्याचा ब्राउझर कायमचा बंद होता. "भाकड हाय तो," काका म्हणायचे. "दूध देत नाय म्हणून काय गाय विकायची का?" त्यांना इंटरनेट लागायचंच नाही. ते त्यावर लिहायचे. रोज दुपारी दोन ते चार, दोन बोटांनी, मराठीत. आयुष्यात हाताखालून गेलेली जी जी जनावरं आठवतात त्यांच्यावर. गावाचं नाव, मालकाचा स्वभाव, जनावराचा रंग, खोड, दुखणं, आणि शेवटी वाचलं की गेलं. दोनशेच्या वर पानं झाली होती. सोयगावच्या एका म्हशीवर चार पानं होती. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "म्हशीवर चार पानं, अन् पन्नास वर्षं भाकरी थापणाऱ्या बायकोवर एक ओळ नाय!" काका आतून म्हणायचे, "तू आजारी कुठं पडलीस?"

त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली पांढरी चिकटपट्टी लावलेली होती, जखमेवरच्या कापसाला लावतात तसली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "काच दुखावलीय तिथं." ड्रेसरच्या घरातली पट्टी, मला काही नवल वाटलं नाही.

आता पोळ्याचं सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी काका दवाखाना रिकामा करायचे. बरे झालेले, न झालेले, सगळे कॉम्प्युटर घरोघरी रवाना. "पोळ्याला जनावर ज्याचं त्याच्या दावणीला पायजे." लोक दसऱ्याला यंत्रांची पूजा करतात, हे पोळ्याला करायचे. आपला कॉम्प्युटर ओल्या फडक्यानं पुसून त्यावर काकूंच्या जुन्या इरकलीची झूल घालायची, हळदीकुंकू लावायचं, वर मातीची बैलजोडी ठेवायची आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. त्या दिवशी त्याला चालू करायचा नाही. पोळ्याला बैल जुंपत नसतात.

आणि माझी शेवटची तारीख नेमकी पोळ्याला आली.

सरकारी लिपिकाच्या परीक्षेत मी निवड यादीत बसले होते. कागदपत्रं साइटवर चढवायची होती, त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. एक दाखला कचेरीत अडकला होता, तो आदल्या संध्याकाळी हातात पडला. पुढच्या वर्षी माझं वय बसत नव्हतं. म्हणजे ही नोकरी नाही तर कुठलीच सरकारी नोकरी नाही, जन्मभर चितेगाव आणि दर अकरा महिन्यांनी नवं कंत्राट. कंपनीला सुट्टी. कॉलनीतले दोन्ही इंटरनेट कॅफेवाले पोळ्याला गावी गेलेले. मोबाईलवर साइट उघडायची, पण फाइल चढवायच्या जागी नुसतं गोल गोल फिरत राहायचं. दुपारी साडेतीनला मी खाली आले.

"काका, तुमचा कॉम्प्युटर द्या."

काकांनी झुलीकडं बघितलं. "आजच्या दिवशी जनावराला जुंपत नसत्यात, माय."

काकू उंबऱ्यात आल्या, हात पुरणाचे. "पोरीच्या नोकरीचा सवाल हाय अन् तुम्ही झूल घालून बसलाव? व्हा बाजूला!" त्यांनी स्वतः बैलजोडी उचलून खिडकीत ठेवली. काका बाजूला झाले. पण त्यांचा चेहरा मला आठवतो. सणाचा नियम मोडल्याचा तो चेहरा नव्हता. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला सोवळं मोडल्याचं दुःख झालंय, होऊ दे.

मी मोबाईलचं नेट वायरीनं जोडलं. ब्राउझर उघडला. साइटच्या जागी इंग्रजीत लांबलचक इशारा, जोडणी सुरक्षित नाही. वाचायला कुणाला वेळ होता? बंद केला. दुसरी साइट, तेच. मग मी माझ्या जातीवर गेले. काकांच्याच पेनड्राइव्हवर जुन्या कॉम्प्युटरांवर चालणारा ब्राउझर होता. आहे तो काढला, नवा घातला. तोच इशारा. पुन्हा काढला, उरलेसुरले फोल्डर हुडकून पुसले, पुन्हा घातला. कॉम्प्युटर असा संथ की एकेका वेळेला अर्धा तास. तोच इशारा. मग दुसऱ्याच कंपनीचा ब्राउझर घातला. तोही तसाच.

काका पलंगाच्या कडेला बसून सगळं बघत होते. मी एकदा वळून विचारलं, त्यांच्याच पद्धतीनं, "काका, काय खाऊ घातलंय याला?"

"काय नाय," काका म्हणाले.

साडेपाच वाजून गेले. मी रडायला लागले. मला लोकांसमोर रडायची लाज वाटते, पण तेव्हा रडले, टेबलावर डोकं ठेवून. काकू पाठीवरून हात फिरवत काकांना म्हणाल्या, "आवो, जगाचे ब्राउझर नीट करताव, हिचा एक करा की!"

काका उठले. माझ्या खांद्यावरून हात पुढं केला आणि पडद्याच्या कोपऱ्यातली ती चिकटपट्टी नखानं ओढून काढली. खाली काच चांगली धडधाकट होती. तिथं कॉम्प्युटरचं घड्याळ होतं. तारीख बारा वर्षांपूर्वीची.

"तारीख आजची कर," काका म्हणाले. "मंग उघडतंय."

तारीख! ज्या माणसानं मला पहिल्याच दिवशी वार विचारायला शिकवलं, त्या माणसाच्या घरात मी दोन तास पखालीला औषध पाजत होते आणि तो गप्प बसून बघत होता. माझं डोकंच फिरलं. "काका, तुम्हाला माहीत होतं? सुरुवातीपासून? माझं आयुष्य चाललंय आणि तुम्ही गंमत बघत बसलात?" आणखीही बरंच बोलले. मोठ्यांना बोलू नये तसलं. मी तारखेवर गेले तेव्हा काका फक्त म्हणाले, "थांब जरा." मग लगेच, "नाय, कर. कर. येळ नाय."

मी तारीख बदलली. खाली कसलीतरी छोटी चौकट उघडली, मी न वाचता बंद केली. ब्राउझर उघडला आणि साइट अशी झटकन आली की मला हसावं का रडावं कळेना. सहाला सात मिनिटं असताना शेवटचा दाखला चढला. पोचपावतीचा फोटो काढून मी वर निघून गेले. पुरणपोळी खायलाही खाली आले नाही, इतका राग.

दुसऱ्या दिवशी काकू ताट घेऊन वर आल्या. मला जेवायला बसवून त्यांनी सांगितलं.

काका ज्यावर मराठी लिहायचे ते पॅकेज तीस दिवस फुकट चालणाऱ्या नमुन्याचं होतं. विकत घ्यायला ते तयार होते, पण बनवणारी कंपनी कधीच गुंडाळली गेली होती. मग काका दर महिन्याला, तीस दिवस भरायच्या आत, तारीख मागं न्यायचे. बारा वर्षं. पॅकेजला वाटायचं, कालच तर बसवलंय. पहिल्याच वर्षी एकदा वायरमननं भलेपणानं तारीख नीट करून दिली आणि पॅकेजला मुदत संपल्याचं कळलं. एकदा कळलं की मग मागं नेऊन उपयोग नसायचा. तेव्हा चाळीस पानं गेली होती. त्याच्या आतलं लिखाण दुसऱ्या कशात उघडायचं नाही. काकांनी सगळं नव्यानं बसवलं, पहिल्यापासून लिहिलं, आणि घड्याळावर पट्टी मारली.

"काल गेलं सगळं," काकू म्हणाल्या. "दोनशे पानं. सकाळपासून नुसते बसल्यात पडद्याकडं बघत. आजवर कोनाला बोलले नव्हते गं. बेइमानी वाटायची त्यांना. दुसऱ्याच्या चुका काढायच्या अन् आपल्या घरात हे."

मी ताट तसंच ठेवून खाली धावले. काका ओसरीत बसले होते. मी रडत रडतच भांडले, मला दुसरं येतच नाही. "काका, दोन तास होते! साडेतीनलाच सांगितलं असतं तर ते पॅकेज उघडं होतं. मी एकेका पानाचा फोटो काढला असता. दोन्ही वाचलं असतं हो!"

"व्हय," काका म्हणाले. "आता कळतंय. तवा वाटलं, तू दुसरीकडं कुठं तरी भरशील फारम. मंग वाटलं, आता सांगावं तर पोरगी म्हणंल, आधी कामून नाय सांगितलं. जितका येळ गेला तितकं तोंड उघडंना." मग म्हणाले, "म्हशी मरून गेल्यात सगळ्या. तुझं आयुष्य जायचंय अजून."

आपल्याला कुणी इतकं दिलंय आणि आपण त्याला शिव्या घातल्यात, हे कळल्यावर माणसानं काय करायचं असतं, मला अजून माहीत नाही. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली आणि म्हणाले, "ऊठ. चहा ठेव."

नोकरी लागली. नेमणूक कुठं, तर सोयगावला. काका हसून म्हणाले, "तिथं माझी लई लेकरं असतील, बघ, चार पायांची." पहिल्या पगारात मी लॅपटॉप घेतला. दर दुसऱ्या शनिवारी एसटीनं यायचे, आणि रविवारी दिवसभर काका सांगायचे, मी टाइप करायचे, कुठंही उघडेल अशा मराठीत. सगळं पहिल्यासारखं आठवत नव्हतं. पण एक झालं. काका मोठ्यानं सांगायला लागल्यामुळं काकूंना ऐकू जायला लागलं. त्या स्वयंपाकघरातून दुरुस्त्या करायच्या. "खोटं! त्या वासराला रात्रभर मी शेकलं, तुम्ही घोरत होताव." काका म्हणायचे, "लिही, ती काय म्हणती ते लिही." म्हणून दुसऱ्या वेळच्या लिखाणात जवळपास प्रत्येक जनावराजवळ काकू आहेत.

साठ जनावरं झाली. एकसष्टाव्याच्या आधी काका गेले, दोन दिवसांच्या तापानं. मला बोटावर मोजता येतील एवढी माणसं आयुष्यात मनापासून आवडली, त्यात ते फार वर होते. त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही.

तेराव्यानंतर काकूंनी मला आत नेलं. "तुझा पेशंट तू घेऊन जा. मला बघवत नाय." कॉम्प्युटरवर तीच इरकलीची झूल होती. मी वायरी सोडवायला तो भिंतीपासून पुढं ओढला, तर मागच्या बाजूला सुतळीनं बांधलेला केसपेपर. वरची तारीख त्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. आपल्या कॉम्प्युटरला त्यांनी कधी केसपेपर केला असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी तिथंच फरशीवर बसून वाचला.

मालकाचं नाव म्हणून त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं. तक्रार, मालकाच्या शब्दांत: ब्राउझर भाकड आहे. काय खाल्लं: मालक काही नाही म्हणतो. तपासणी: मुलीने तीन वेळा ब्राउझर काढून घातला, ब्राउझरला काहीही झालेले नव्हते. उपाय: तारीख आजची केली.

आणि शेवटी, शेऱ्याच्या जागी, त्यांच्या त्या तिरप्या अक्षरात: जनावर ठणठणीत. मालकाला गुण यायला दोन तास लागले.